कागद दाखवा

इतिहासावर बोलायला महाराष्ट्रात कुणाची परवानगी लागत नाही. पानिपत का झाले, हे एसटीत शेजारी बसलेला प्रवासीही सांगतो, आणि वडगाव ते खेड शिवापूर एवढ्या अंतरात सदाशिवरावभाऊंच्या चुका मोजून दाखवतो. विद्यापीठातल्या मंडळींना याचे हसू येते. त्यांनी हसावे, पण मराठ्यांच्या इतिहासाची जी साधने ते रोज चाळतात, त्यांतली बरीचशी हौशी माणसांनीच गोळा केलेली आहेत, हेही विसरू नये.

१८७८ साली पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक निघाले. त्यात बखरींचे संपादन करणारे काशिनाथ नारायण साने पेशाने शिक्षक होते. वर्गणीदारांनी वर्गणी भरायची आणि बखरी, पत्रे, जुन्या कविता हप्त्याहप्त्याने वाचायच्या, असा तो व्यवहार. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवत आणि उरलेला वेळ पटवर्धनांच्या दप्तरात घालवत. ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड त्यातून निघाले. वि. का. राजवाडे तर कुठल्याच नोकरीत रमले नाहीत. त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली. पहिला खंड १८९८चा. त्यात पानिपतपर्यंतच्या दहा-अकरा वर्षांची पत्रे आहेत, आणि ती समोर ठेवून बखरकार व इतिहासकार ग्रँट डफ यांची झाडाझडती घेणारी लांबलचक प्रस्तावना आहे. प्रस्तावनेतली कित्येक मते आज टिकत नाहीत. पत्रे मात्र टिकली. राजवाड्यांचा तर्क पटला नाही, तरी त्याच खंडाची पाने उलटून त्यांच्याविरुद्ध पुरावा काढता येतो. मला ही सोय फार मोलाची वाटते.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, ते याच सोयीला घर मिळावे म्हणून, असे मी समजतो. (राजवाडे पुढे त्या मंडळाशीही भांडले आणि बाहेर पडले. ते न भांडते तर नवल.) सभेत कुणीतरी नवा सापडलेला कागद आणायचा, त्यावर टिपण वाचायचे, मग बाकीच्यांनी शंका काढायच्या. कागद कुणाच्या घरचा, अक्षर कोणत्या काळचे, शिक्का कुणाचा, तारीख जुळते का. टिपणे पुढे छापली जात, म्हणजे सभेला नसलेल्यालाही महिन्यांनी किंवा वर्षांनी हरकत घेता येई. वाचणारा वकील आहे, मास्तर आहे की इनामदार, याला या प्रश्नांपुढे फारशी किंमत नव्हती.

हे प्रश्न का लागतात, ते मोडी पत्र हातात घेतल्यावर कळते. लिहिणाऱ्याने आधी ओळ आखलेली, तिला लटकवून अक्षरे झरझर काढलेली, बोरू शक्यतो न उचलता. शब्द संपला कुठे आणि पुढचा सुरू झाला कुठे, हे अर्थावरून ठरवायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात खाली तारीख असते: ‘छ’ अक्षर, मग आकडा आणि मुसलमानी महिना. पुष्कळ पत्रांत वर्षच नसते. ज्याला पत्र गेले त्याला साल ठाऊक होते, मग लिहिणार कशाला? असते तेव्हा ते बऱ्याचदा अरबी संख्याशब्दांत असते, एकंपासून उलटे चढत जाणारे: इहिदे सबैन मया व अलफ, म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार. हा शुहूर सन ११७१. मृग नक्षत्राला तो बदलतो, म्हणून इसवी सन १७७० की १७७१, हे महिना पाहून ठरवावे लागते. बिनसालाच्या पत्रात छावणी कुठे आहे, कुणाच्या मृत्यूची बातमी आलेली आहे, पाऊस लागला की नाही, यावरून साल पकडायचे आणि जंत्रीशी ताळा घ्यायचा. एका सालाची चूक झाली, की कारणाच्या आधी परिणाम घडतो आणि एखादा कारभारी मेल्यानंतर सल्ला देऊ लागतो.

असे काम एकट्याने करण्यात धोका असतो. दुसऱ्याने ‘हे द नाही, व आहे’ म्हणावे लागते. आणि खोटा कागद ही काही आजची कल्पना नाही. वतनाच्या वादात बनावट सनदा निघत, इंग्रजांनी इनामांचे हक्क तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनच्या काळात तर कागदांवर घरेच्या घरे उभी होती किंवा बुडत होती. आपल्याकडे जुने कागद इतके राहिले ते इतिहासप्रेमामुळे नव्हे, वतनाच्या भीतीमुळे. अशा घरांतून आलेल्या पुराव्याकडे उलटतपासणीच्या नजरेने पाहणे भागच होते.

जेधे शकावलीचे उदाहरण घ्या. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडची ही शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली मंडळातर्फे छापून निघाली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९, म्हणजे १६२७ सालचा, हे बखरींच्या आधारे सर्वत्र मानले जाई. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद निघाली. ती लगेच कुणी मान्य केली नाही, आणि तेच योग्य होते. पुढे तंजावरात मिळालेले कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ साली छापले गेले. त्यात तीच तिथी. जोधपूरच्या एका जुन्या कुंडलीसंग्रहातही तेच वर्ष. कारी, तंजावर आणि जोधपूर ही तीन ठिकाणे एकमेकांची नक्कल करतील, असे मानायला जागा उरली नाही. तरीही १९६६ साली सरकारने नेमलेल्या समितीत एकमत झाले नाही, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य सरकारने मान्य केली ती २००१ साली. शिवाय ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या कालगणनेने त्या दिवशी १ मार्च येतो. यावर भांडण अजून कसे झाले नाही, याचे मला आश्चर्यच वाटते.

आता मंडळे मोबाइलमध्ये भरतात, एका माणसाची सहा-सात तरी असतात. त्यांना सरसकट नावे ठेवायला मी तयार नाही. आजोबांच्या पेटीत सापडलेल्या कागदाचा फोटो कुणी टाकतो, ‘यात काय लिहिलंय?’ असे विचारतो, आणि तासाभरात नागपूरहून एक आणि न्यू जर्सीहून दुसरा वाचून देतो. तिसरा एक शब्द दुरुस्त करतो. राजवाड्यांना हे मिळाले असते तर त्यांची पायपीट अर्धी वाचली असती, भांडणे मात्र दुप्पट झाली असती. बिघडते ते दुसऱ्या जातीच्या संदेशात: कोपरे कापलेला फोटो, शिक्का दिसत नाही, कागद कुठल्या दप्तरातला ते नाही, आणि खाली ‘हे तुम्हाला शाळेत शिकवले नाही’. याला हरकत घ्यायची तर कशाला घ्यायची? ताळा घ्यायला समोर काही ठेवलेलेच नाही. हरकत घेणाऱ्याची मग जात विचारली जाते.

जुन्या मंडळींनाही मोठा दोष होता, तो झाकण्यात अर्थ नाही. जमणारे बहुतेक पांढरपेशे, त्यातही ब्राह्मण. त्यांना हवे होते राजकारण. लढाया, वकिलांची पत्रे, दरबारी डावपेच, आणि पेशवे दप्तर उघडावे म्हणून वर्षानुवर्षे सरकारकडे धरलेला तगादा. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातून पंचेचाळीस खंड काढले, तेही मुख्यतः राजकारणाचेच. त्याच दप्तरातले गावझाडे, सारा, बलुते, जातपंचायतीचे निवाडे रुमालांत बांधलेले राहिले. अशा विषयांकडे पुढे ज्यांनी लक्ष दिले त्यांत हिरोशी फुकाझावांसारखे जपानी अभ्यासक होते. महाराष्ट्रातल्या गावगाड्याची आणि जातिव्यवस्थेची मांडणी त्यांनी आपण बाजूला सारलेल्या तसल्या कागदावरून केली. मोडी येणाऱ्या मराठी माणसांना तो दिसत नव्हता असे नाही, तो वाचण्याजोगा वाटत नव्हता.

२०२३च्या शरदात तसला कागद अचानक वाचण्याजोगा झाला. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत कोतवाल बुके, जन्ममृत्यूची रजिस्टरे, जुने महसुली कागद बाहेर निघाले. कित्येक मोडीत, मराठवाड्यात काही उर्दूत. वाचणार कोण? तलाठ्याला मोडी येत नाही. मग शोध सुरू झाला तो मोडीचे वर्ग केलेल्या लोकांचा: निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक, हौस म्हणून मोडी शिकलेल्या गृहिणी. ज्यांच्या छंदाला घरचे कंटाळले होते, त्यांना सरकारी कचेरीत खुर्ची मिळाली. समोरच्या ओळीत ‘कु’ आहे की ‘म’, यावर कुणाच्या तरी मुलाचा दाखला अवलंबून होता, आणि बाहेर लोक उभे होते.