गाळांत रुतलेलें तारूं

पाठ : यिर्मया, अध्याय 38, ओंव्या 6 ते 13

यिर्मया संदेष्ट्यास ज्या विहिरींत सोडण्यांत आलें, तींत पाणी नव्हतें, चिखल होता. पाण्यांत मनुष्य हातपाय तरी मारतो. चिखलांत तो जितकी धडपड करील तितका अधिक रुततो. खाचरांत बैल फसला म्हणजे हें आपण पाहतोंच.

समुद्राच्या तळाशींही असेंच घडतें. इ. स. 1545 च्या जुलै महिन्यांत इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचें 'मेरी रोज' नांवाचें लढाऊ जहाज पोर्टस्मथजवळ बुडालें, आणि उजव्या कुशीवर कलंडून मऊ गाळांत रुतलें. त्याच वर्षीं तें वर काढण्याचा यत्न झाला, तो फसला. पुढें प्रवाहानें आंत गाळ आणून भरला. जो भाग उघडा राहिला तो किड्यांनीं पोखरला व प्रवाहानें नेला. गाळाखालची उजवी बाजू मात्र 437 वर्षें टिकली.

रुतलेली वस्तु एकदम ओढून येत नाहीं. तिच्या खालीं पाणी शिरावयास वाट नसते, म्हणून गाळ तिला घट्ट धरून ठेवतो, आणि जोर केल्यास जुनें लाकूड मात्र फाटतें. म्हणून 1982 सालीं जाणत्यांनीं वर चार पायांची लोखंडी चौकट उभी केली, सांगाड्यास जागोजागीं तारा बांधल्या, व गाळाची पकड सुटेपर्यंत त्यास अगदीं हळूहळू उचललें. मग मऊ पिशव्या अंथरलेल्या पोलादी पाळण्यांत ठेवून 11 आक्टोबर रोजीं पाण्याबाहेर आणलें.

त्या पिशव्यांविषयीं वाचतांना आम्हांस एबद-मलेख कूशी आठवला. राजानें त्यास तीस माणसें दिलीं, दोर होतेच. परंतु दोर काखांत रुतूं नयेत म्हणून चिंध्या शोधावयास तो स्वतः गेला. (तो परदेशी होता, हेंही लक्षांत घ्यावें.)

आम्हांस ही गोष्ट उशिरां समजली. आमच्या मंडळींतील एक बंधु दारूंत व कर्जांत रुतला होता. एका रविवारीं आम्ही सर्व सभेदेखत त्याचें नांव घेऊन त्यास दटाविलें. एका झटक्यांत वर काढूं असें आम्हांस वाटलें. त्या दिवसापासून त्यानें उपासनेस येणें सोडलें. पुढें एक वृद्ध बाई, जिला अक्षरओळख नाहीं, दर गुरुवारीं त्याच्या घरीं भाकरी घेऊन जाऊं लागली. दारूविषयीं तिनें अवाक्षर काढलें नाहीं. असे सात महिने गेले. नाताळच्या उपासनेस तो दाराशीं, चपलांजवळ येऊन बसला. आम्ही त्यास पुढें बोलाविलें नाहीं.