आजचे मनन : 'समाचार घेणे' म्हणजे काय?

वाचन : याकोब 1:19-27, योहान 14:15-21



दोन दिवस झाले, याकोबाच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या वचनावर अडकलोय. संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनीच ते पाठ केलंय. अनाथ आणि विधवा संकटात असताना त्यांचा समाचार घ्यावा, असं याकोब सांगतो. (आमच्या घरी 'समाचार घेणं' म्हणजे झापणं, त्यामुळे लहानपणी मला या वचनाचं फार नवल वाटायचं.) मूळ ग्रीक शब्दात नुसती भेट नाही, जाऊन बघणं, लक्ष घालणं, काळजी वाहणं हे सगळं त्यात येतं. मत्तय 25 मध्ये आजाऱ्याचा समाचार घेण्यासाठीही हाच शब्द आहे.

दोन वर्षांपूर्वी परदेशातून अकरा जणांची एक टीम मिशन ट्रिपवर आली होती. एका बालगृहात सात दिवस सेवा करायची होती. त्यांना दुभाषा हवा होता, म्हणून मी ऑफिसातून सुट्टी काढली. खरं सांगायचं तर मला ते आवडलंही होतं. सकाळी गाणी, बायबलमधली गोष्ट, कागदकाम, आणि दुपारी कंपाउंडची भिंत रंगवणे. आमच्या रंगाखालून नोहाचं जुनं तारू डोकावत होतं, म्हणजे आधी कुणीतरी तीच भिंत रंगवून गेलं होतं. गावातल्या रंगाऱ्याने ते काम दोन दिवसांत केलं असतं, आणि त्याला मजुरीही मिळाली असती.

शेवटच्या दिवशी टीममधली एक तरुणी आठेक वर्षांच्या एका मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. सात दिवस तो तिला चिकटूनच होता. ती रडत रडत काहीतरी म्हणाली आणि मी मराठीत सांगितलं, "ती म्हणते, मी परत येईन." ती खोटं बोलत नव्हती. त्या क्षणी तिला ते मनापासून वाटत होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

चार महिन्यांनी तिथला कॉम्प्युटर बिघडला म्हणून मी गेलो. मुलगा धावत आला. "दादा, ती दीदी कधी येणार?" मी म्हटलं, ती फार लांब राहते, तिकीट महाग असतं, सुट्टी मिळायला हवी. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण तूच सांगितलंस ना."

स्वयंपाकघरातल्या मावशी भाकरी थापता थापता सहज बोलून गेल्या, पाहुणे गेले की दोन-तीन रात्री बारक्यांच्या चादरी ओल्या होतात. तक्रार नव्हती त्यात. दरवेळचंच होतं ते.

पहिल्याच दिवशी मुलं येऊन गळ्यात पडली, तेव्हा आम्ही प्रार्थनेत देवाचे आभार मानले होते, की काय हे प्रेम! नंतर वाचलं, की संस्थेत वाढलेली काही मुलं कुठल्याही अनोळखी माणसाला अशीच बिलगतात, आणि अभ्यासक त्याला काळजीचं लक्षण मानतात. रुमानियात बुखारेस्टला अनाथालयांतल्या 136 मुलांचा बरीच वर्षं अभ्यास झाला. त्यांतल्या साधारण निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवलं होतं. संस्थेत राहिलेल्यांपेक्षा ती मुलं एकंदरीत बरी सावरली. त्यांना रोज तोच माणूस दिसत होता.

आणि मुळात हा मुलगा पोरका नव्हताच. वडील वारलेले, आई ऊसतोडीला जाते. दिवाळीनंतर सहा महिने फडावर, पोराला ठेवणार कुठे? म्हणून बालगृह. तिथल्या कितीतरी मुलांचं असंच आहे. आम्ही सात दिवस तिथे होतो, पण त्याची आई कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. याकोबाने अनाथ आणि विधवा यांची नावं एका दमात घेतली, आणि त्यातली विधवा आम्ही सरळ गाळून टाकली. जुन्या करारात 'अनाथ' म्हणून येणारा हिब्रू शब्दही मुख्यतः बाप नसलेल्या मुलासाठी आहे. म्हणजे बऱ्याचदा ही दोघं एकाच घरातली असतात.

पंडिता रमाबाईंना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आईवडील दुष्काळात गेले, 1882 मध्ये नवरा गेला, पदरी लहान मुलगी. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि विधवा केडगावला आणल्या, त्यांना विणकाम, छपाई शिकवली आणि स्वतः तिथेच राहिल्या, 1922 मध्ये तिथेच देह ठेवला. "परत येईन" म्हणायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

सगळ्यांनी केडगाव गाठावं, असं मी म्हणत नाही. मलाही जमलेलं नाही. ईएमआय आहे, रिलीज आहे. पण योहान 14:18 वाचताना आता जीभ अडखळते. तुम्हांला अनाथ सोडणार नाही, मी येईन, असं प्रभू शिष्यांना सांगतो. तेच वाक्य मी एका आठ वर्षांच्या मुलाला ऐकवलं, दुसऱ्याच्या वतीने, आणि ते खरं होईल की नाही याचा विचारही न करता.

जानेवारीत पुन्हा टीम येतेय. पाळकसाहेबांनी यंदा सगळी व्यवस्था माझ्यावर टाकली आहे. मी त्यांना विचारलंय, की या वेळी भिंत आणि मुलं दोन्ही राहू द्यात, टीमने मावशींच्या हाताखाली काम करावं, आणि रंगाचे पैसे आयांकडे जाऊ द्यात. ते म्हणाले, टीमला वाईट वाटेल. वाटेलही. अजून ठरलेलं नाही.

दरम्यान त्या मुलाच्या आईला फोन लावला. सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज तिच्यासाठी भरतोय, म्हणजे मूल घरी ठेवायला थोडा आधार होईल. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तिच्याकडे नाही. त्याची नोंद झालीय की नाही, हेही तिला माहीत नाही. शनिवारी ग्रामपंचायतीत जातोय. मुलाला अजून काही सांगितलेलं नाही.

प्रार्थनेत आठवण ठेवा.