खटका कुणी ओढायचा?

आपल्या भाषेत एक शब्द आहे : मांगहृदयी. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही तो सापडतो. अर्थ : क्रूर, दगडाच्या काळजाचा.

मी कासार आंबोलीच्या मांगवाड्यातला. शाळा नववीपर्यंत, बाकीचं गिरणीतली पाळी सुटल्यावर वाचलेलं. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी आपलं काळीज चाचपून पाहिलं.

शब्द आला कुठून? जुन्या राज्यांत फाशी देण्याचं काम मांगाच्या माथी होतं. हुकूम गादीवरून सुटायचा, दोर ओढायचा मांगानं. आणि क्रूर कोण ठरला? हुकूम देणाऱ्याच्या काळजावरून शब्द नाही घडला.

माझा आजा वाखाचे दोर वळायचा. बैलांची दावी, कासरे. एकदा गावात कुत्रं पिसाळलं. मोठ्या घरातून हाक आली, "मांगाला बोलवा रे!" त्या घरात काठ्या होत्या, धट्टीकट्टी माणसं होती. तरी हाक आमच्याच वाड्यात. आज्यानं ते मारलं. पिसाळण्याआधी ते आमच्याही उंबऱ्याशी येऊन बसायचं. आजी सांगायची, "दोन दिस जेवला न्हाय बाबा. रातचा उठून हात धुवायचा. म्हनायचा, त्ये अजून वरडतंय गं." बोलावणारे मात्र पोटभर जेवून झोपले. वर सकाळी पोरांना म्हणाले, लांब व्हा, मांगाचं काळीज दगडाचं.

सांगा, दगड कुणाच्या छातीत होता?

एका कुत्र्यानं हे होतं, तर माणूस मारणाऱ्याचं काय होत असेल? राज्यकर्त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. १९४१ साली नाझींच्या गोळ्या घालणाऱ्या पथकांतली माणसं आतून ढासळू लागली. म्हणून कत्तल थांबली का? नाही. विषारी वायूच्या गाड्या आल्या. कोर्टाची शिक्षा आणि कत्तल एक नव्हे, हे मलाही कळतं. पण अमेरिकेतल्या युटा राज्यात २०१० साली कोर्टाच्या हुकमानं एकाला गोळ्या घातल्या, तेव्हा पाच बंदुकांपैकी एकीत खोटी गोळी होती. का? प्रत्येकाला रात्री म्हणता यावं, खोटी माझीच होती. न्यायच करायचा तर न्याय करणाऱ्या हाताला फसवावं का लागतं?

आमच्या पुण्यातलंच येरवडा घ्या. २१ नोव्हेंबर २०१२, सकाळी साडेसात. कसाबला फाशी. मुंबईत १६६ माणसं मारली गेली त्या हल्ल्यातला तो. त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी नाही. मला आठवतो तो खटका ओढणारा. त्याचं नाव गुप्त राहिलं, राहू दे, त्याच्या जिवाला धोका. पण बाहेर लोकांनी पेढे वाटले. त्या रात्री त्यानं किती वेळा हात धुतले, हे कुणी विचारलं?

बाबासाहेब ३ जून १९४९ ला संविधान सभेत बोलले होते, फाशीची शिक्षाच रद्द करणं बरं. या देशातली माणसं अहिंसा पाळत नसतील, पण नीती म्हणून मानतात, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात आज्याचे ओले हात दिसतात. त्याची उडालेली झोप म्हणजे कमजोरी नव्हती. मारायला लावलेल्या माणसातलं माणूसपण जागं होतं.

कुणीतरी करायलाच पाहिजे म्हणता? मग ज्याची सही, त्याचाच हात खटक्यावर. त्यानंतरही त्याला गाढ झोप लागली, तर त्या काळजाला खुशाल नाव द्या. आमच्या जातीचं तेवढं देऊ नका.