धोंड्याच्या बाहेरचा माणूस

कचारगडच्या गुहेत मुलांना कोंडणारा कुणी राक्षस नव्हता, खुद्द शंभू होता. माझी आजी गोष्टीतला हा भाग कधी दबक्या आवाजात सांगत नसे. माता काली कंकालीची तेहतीस मुलं भारी दांडगी. शंभूला राग आला, त्यानं सगळ्यांना डोंगराच्या पोटात घातलं आणि दारावर धोंडा लोटला. आई रडली, विनवण्या झाल्या, पण शंभू काही बधला नाही. आणि तरीही आम्ही गोंड शंभूला मानतो. लहानपणापासून मला हेच कोडं पडलंय. ज्यानं कोंडलं, त्यानं सुटायची वाट ठेवली होती का?

हा प्रश्न मला नीट मांडता आला तो पुण्यात, एका खेळामुळे. ऑफिसातल्या मैत्रिणी एस्केप रूम खेळायला निघाल्या, मीही गेले. क्योतोमध्ये ताकाओ कातो यांनी 2007 साली असा खेळ पहिल्यांदा मांडला, तो आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही रुळलाय. दार बंद होतं, भिंतीवरच्या घड्याळात 60 मिनिटं उलटी धावू लागतात. आमची खोली एका बेपत्ता शास्त्रज्ञाची होती. जुनं कॅलेंडर, खणात अर्धवट जळालेलं पत्र, जांभळ्या दिव्याखालीच दिसणारे आकडे, चार आकडी कुलूप. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा माझे तळहात ओले झाले होते. एकीनं आकडे वाचले, दुसरीनं ते उलट्या क्रमानं लावून पाहिले आणि कुलूप निघालं. आम्ही एकमेकींना मिठ्या मारल्या.

भीती खरी होती, पण तिच्या तळाशी एक पक्का भरवसा होता, तो मला नंतर उमगला. त्या खोलीत एकही वस्तू उगाच ठेवलेली नव्हती. वाट आहेच, कारण कुणीतरी ती आधी आखली आणि मग दार लावलं. कॅमेऱ्यातून आमच्याकडे पाहणारा मुलगा आम्ही अडलो की इशारा देत होता. आम्हाला कोंडणाऱ्यालाच आम्ही बाहेर यायला हव्या होतो. पुष्कळ श्रद्धाळू माणसं जगाकडे असंच बघतात. दुःख आलं तर त्यात काही संकेत असेल, देव परीक्षा पाहतोय, उत्तर इथेच कुठेतरी आहे. या भरवशानं माणसं तगतात, म्हणून मी त्याला खोटं म्हणणार नाही.

पण कचारगड वेगळं सांगतो. गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावहून वर चढलं की ती प्रचंड गुहा लागते. छताच्या भगदाडातून उजेड येतो. त्या उजेडात कसलाही संकेत नाही, भिंतीवर आकडे नाहीत. मुलांनी कितीही डोकं चालवलं असतं तरी धोंडा हलला नसता.

मिशनरी हिस्लॉपनी टिपलेलं आणि रिचर्ड टेंपलनी 1866 साली छापलेलं गोंडी गाणं वाचलं तर त्यात आमचा गुरू लिंगो गोंडांना सोडवतो. मला मात्र गोंडी संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगालींनी मांडलेली कथा जवळची वाटते, कारण तिच्यात हिरासुका पाटालीर आहे. किंगरी वाजवणारा माणूस. तो बाहेरून वाजवत राहिला, सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून रेटलं, त्यानं बाहेरून. धोंडा सुटला आणि हिरासुका त्याखाली चिरडला गेला.

मराठी माणसाला बंद दार म्हटलं की मुक्ताबाई आठवते. पण तिथे ताटी ज्ञानदेवांनी स्वतः लावलेली होती, म्हणून आर्जव आतल्या माणसाला होतं. इथे आतल्यांच्या हातात कडीच नाही. एकट्यानं साधना करून मिळवायची मुक्ती मला समजते, तिचा आदरही आहे, पण तेहतीस पोरांना ती काय कामाची? पोरं सुटली तर सगळी सुटणार होती, नाहीतर एकही नाही. आणि वाट आधी आखलेली नव्हती, ती एका माणसाच्या जिवानं झाली. माझ्यापुरतं उत्तर हेच. शंभूनं वाट ठेवली नव्हती. हे मान्य करूनही मी त्याच्यापुढे हात जोडते, कारण देव मोठा असायला त्यानं माझी सोय पाहिलेली असावीच, असं मला वाटत नाही.

कचारगडच्या माघ पौर्णिमेच्या जत्रेला छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून माणसं येतात. सतरंगी झेंडे, चढणीवर अनोळखी माणसंही ‘जय सेवा’ म्हणत पुढे जातात. गर्दीत कुणाचा पाय घसरला की मागचा हात देतो, नाव विचारत नाही.

गुहेतून सुटलेली ती पोरं लिंगोकडे शिकली आणि गावोगाव गेली. त्यांच्यातूनच आमचे बारा सगा, म्हणजे नात्यांचे गट, आणि साडेसातशे गोत्रं झाली, असं आम्ही मानतो. माझं गोत्र त्यातलंच एक. हिरासुकानं धोंड्याला खांदा लावला तेव्हा त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.