पैसा कुठून आला?



काही महिन्यांपूर्वी रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो. आपल्याच धर्मग्रामातील एक तरुण दारात येऊन उभा राहिला. संगणक अभियंता, वडील निवृत्त, बहिणीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटायचे आहे. त्याला चांगल्या पगाराची नोकरी चालून आली होती. अडचण एकच होती. कंपनीच्या अनेक ग्राहकांपैकी एक परदेशात ऑनलाइन जुगार चालवणारा होता. "फादर, मी फक्त सर्व्हर सांभाळणार. जुगाराचं काम दुसरी टीम बघते. पण माझ्या पगारात तो पैसा येणारच ना? मग चालेल का?" हा प्रसंग मी त्याच्या परवानगीने लिहीत आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकल्यामुळे अशा प्रश्नाचे तयार उत्तर माझ्याजवळ होते. तरी त्या दिवशी मी त्याला म्हणालो, "पुढच्या रविवारी ये." कारण त्याचे बोलणे ऐकताना मला एका गणितज्ञाची आठवण झाली. हाच प्रश्न त्याच्याही पुढे उभा राहिला होता आणि त्या उत्तराने त्याचे सारे आयुष्य बदलून गेले.

अलेक्झांडर ग्रोथेंडिक यांचा जन्म 28 मार्च 1928 रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील रशियातून आलेले ज्यू क्रांतिकारक, आई जर्मन. हिटलर सत्तेवर आल्यावर आईवडिलांनी देश सोडला आणि मुलाला हॅम्बुर्गमध्ये एका माजी पाळकाच्या घरी ठेवले. 1939 साली, अकरा वर्षांचा असताना, तो आगगाडीने फ्रान्समध्ये आईवडिलांकडे आला. पण लवकरच युद्ध पेटले. 1940 साली आईसोबत त्याची रवानगी रिक्रो येथील छावणीत झाली. वडिलांना फ्रेंच अधिकाऱ्यांनी जर्मनांच्या हवाली केले आणि 1942 साली आउशवित्झ येथे त्यांचा अंत झाला.

मुलगा वाचला तो ल शांबों नावाच्या डोंगरी गावामुळे. तिथल्या प्रॉटेस्टंट गावकऱ्यांनी आणि त्यांच्या पाळकांनी ज्यू निर्वासितांना घराघरांत लपवले होते. ग्रोथेंडिक तिथे मुलांच्या वसतिगृहात राहत आणि शाळेत जात. पोलीस येणार अशी कुणकुण लागली की मुले रानात पळत आणि रात्र तिथेच काढत. एका सरकारने वडील हिरावून नेले आणि काही अनोळखी माणसांनी दार उघडले, हे दोन्ही अनुभव त्या मुलाने बरोबर घेतले.

आता त्यांच्या कामाविषयी थोडेसे. शाळेतले एक समीकरण आठवा: क्ष चा वर्ग अधिक य चा वर्ग बरोबर एक. आलेखाच्या कागदावर काढले तर त्याचे वर्तुळ होते. पण फक्त पूर्णांक चालतील असे म्हटले तर उत्तरे चारच मिळतात. घड्याळात बारानंतर पुन्हा एक येतो, तसे सातावर पुन्हा शून्य होणारे अंकगणित घेतले तर त्याच समीकरणाला आठ उत्तरे मिळतात. मग खरे समीकरण कोणते? ते वर्तुळ, ते चार बिंदू की ते आठ? ग्रोथेंडिक यांचे म्हणणे असे, की या सगळ्या एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या सावल्या आहेत आणि आपण त्या वस्तूकडेच पाहायला शिकले पाहिजे. त्या वस्तूला त्यांनी 'स्कीम' म्हटले आणि तिच्यासाठी हजारो पाने भरेल एवढी नवी भाषा उभी केली. मर्यादित अंकगणितांत समीकरणांना किती उत्तरे असतात याविषयी आंद्रे वेल यांनी 1949 साली काही अनुमाने मांडली होती. ती याच भाषेच्या आधाराने सुटली. त्यांतले शेवटचे आणि सर्वांत अवघड अनुमान ग्रोथेंडिक यांचेच शिष्य पिएर दलीन्य यांनी 1973 साली सिद्ध केले.

आपल्या कामाची पद्धत सांगताना त्यांनी अक्रोडाचे उदाहरण दिले आहे. कठीण कवचाचे फळ हातोडीने फोडता येते. किंवा ते पाण्यात भिजत ठेवावे आणि वाट पाहावी. काही काळाने कवच मऊ होते आणि हाताच्या दाबानेच उघडते. ग्रोथेंडिक यांनी दुसरा मार्ग धरला. आपल्या मुंबईशीही या कामाचा धागा जुळतो. 1968 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बैजिक भूमितीवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या ग्रंथात त्यांचा एक छोटा निबंध आहे. त्यात मांडलेली मुख्य अनुमाने आजही सिद्ध झालेली नाहीत.

1958 साली पॅरिसजवळ एक नवी संशोधन संस्था स्थापन झाली आणि ग्रोथेंडिक तिचा आधारस्तंभ बनले. 1966 साली त्यांना गणितातील अत्युच्च मानले जाणारे फील्ड्स पदक जाहीर झाले. समारंभ मॉस्कोत होता. सोव्हिएत राजवटीच्या निषेधार्थ ते गेले नाहीत. 1967 साली मात्र ते उत्तर व्हिएतनामला गेले आणि बॉम्बहल्ल्यांमुळे रानात हलवलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी गणित शिकवले.

आणि मग त्यांना कळले, की आपल्या संस्थेच्या खर्चाचा काही भाग फ्रान्सच्या संरक्षण खात्याकडून येतो. हा भाग अगदी लहान होता. त्या पैशाने कोणी बंदूक बनवत नव्हते, तिथे फक्त शुद्ध गणित चालत होते. तरी ग्रोथेंडिक यांनी तो पैसा नाकारण्याचा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही, तेव्हा 1970 साली त्यांनी राजीनामा दिला. सहकारी त्यांच्यामागे गेले नाहीत. वय होते बेचाळीस आणि काम ऐन भरात होते.

इथे मी माझे सेमिनरीतले पुस्तक उघडतो. दुसऱ्याच्या वाईट कृत्यात आपला सहभाग किती, हे ठरवण्यासाठी आमचे नीतिशास्त्र काही भेद करते. त्या वाईट हेतूत मी सामील आहे का? असेन तर दोष निश्चित. हेतूत सामील नसेन, पण माझ्या कामाचा त्याला उपयोग होत असेल, तर पुढचे प्रश्न येतात. माझा सहभाग जवळचा की दूरचा? माझ्यावाचून ते कृत्य अडेल का? हे करण्यास मला पुरेसे सबळ कारण आहे का? हे भेद पळवाटा नाहीत. ते नसते तर कर भरणारा प्रत्येक नागरिक आणि बाजारात भाजी विकणारी प्रत्येक बाई जगातील सर्व पापांची भागीदार ठरली असती.

या कसोटीवर ग्रोथेंडिक निर्दोष ठरतात. त्यांचा सहभाग दूरचाही नव्हता, कारण ते लष्कराला काही देत नव्हते. उलट लष्कराचा पैसा गणिताकडे येत होता. मग त्यांनी चूक केली का?

मला तसे वाटत नाही. 'मी दोषी आहे का?' हा एक प्रश्न झाला. 'मी कोणाच्या पंक्तीला बसलो आहे आणि त्याने माझे काय होत आहे?' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तक देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते, कारण प्रत्येकाचा भूतकाळ निराळा असतो. ज्याचे वडील गणवेशातल्या माणसांनी नेले, त्याला त्या खात्याच्या पैशातून आलेला घास गिळवेना, तर आपण त्याला हटवादी म्हणू नये. आणि शेजारच्या खोलीतल्या गणितज्ञाला तोच घास पचला, तर त्याला लगेच विकला गेलेला म्हणू नये.

पण गोष्ट इथे संपत नाही. मला खरी अस्वस्थता पुढच्या भागाने दिली.

संस्था सोडल्यावर ग्रोथेंडिक यांनी युद्ध आणि पर्यावरणाचा नाश यांविरुद्ध एक गट काढला. 1972 साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी शास्त्रज्ञांनाच विचारले, की आपण संशोधन चालू ठेवावे का? पुढे ते माँपेलिए येथील विद्यापीठात शिकवू लागले आणि साधेपणाने राहू लागले. त्यांच्या घराचे दार उघडे असे. एका जपानी बौद्ध भिक्षूला, त्याचे परवाने संपलेले असताना, त्यांनी आसरा दिला. अशा परदेशी माणसाला घरात ठेवणे हा कायद्याने गुन्हा होता आणि त्यांच्यावर खटला भरला गेला. ल शांबोंमध्ये कोणीतरी त्यांच्यासाठी जे केले होते, तेच त्यांनी दुसऱ्यासाठी केले.

नंतर मात्र त्यांचा नकार वाढतच गेला. गणित जगतातील लोकांनी आपले काम पुरून टाकले, असा आरोप त्यांनी हजाराहून अधिक पानांच्या आत्मकथनात केला. त्याच पानांत स्वतःच्या अहंकाराचीही त्यांनी कठोर झडती घेतली, हेही खरे. 1988 साली दलीन्य यांच्यासोबत मिळालेला क्रॅफर्ड पुरस्कार त्यांनी नाकारला. माझा पगार मला पुरेसा आहे, ज्यांच्याकडे आधीच भरपूर आहे त्यांनाच बक्षिसे मिळतात आणि वैज्ञानिकांची नीतिमत्ता खालावली आहे, अशी कारणे त्यांनी दिली. यातले एकही कारण मला खोटे म्हणवत नाही. पण 1991 साली ते पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लासेर नावाच्या खेड्यात जाऊन राहिले आणि मित्र, शिष्य, कुटुंब या सर्वांशी त्यांनी जवळजवळ संबंध तोडले. 2010 साली आपले लेखन कोणी पुन्हा छापू नये, असे पत्र लिहिले. 13 नोव्हेंबर 2014 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी, ते वारले.

एकाच माणसाच्या आयुष्यात आपल्याला दोन प्रकारचे नकार दिसतात. पहिल्या नकाराने हात मोकळे झाले आणि त्या हातांनी भिक्षूसाठी दार उघडले. दुसऱ्या नकाराने ते दार बंद होत गेले. आधी लष्कर अशुद्ध, मग संस्था, मग पुरस्कार, मग सहकारी, मग शिष्य. शुद्धतेची रेघ अशी आत आत ओढत गेलो, तर शेवटी आत एकटा माणूस उरतो. त्यांच्या एकांतात काय दडले होते ते परमेश्वर जाणे, त्यांचा न्याय करणारा मी कोण? पण माझ्यापुरती कसोटी मला मिळाली. कशाला 'नाही' म्हणावे हे ठरवताना एवढे विचारावे, की त्या 'नाही'नंतर माझे रिकामे हात कोणासाठी असतील?

पुढच्या रविवारी तो तरुण आला. मी त्याला पुस्तकातले भेद समजावून सांगितले आणि म्हणालो, "नियमाने पाहिलं तर तुला पाप लागत नाही. पण नियम तुझ्या घरी जेवायला बसत नाही. पहिला पगार आईच्या हातात देताना तुला काय वाटेल, ते बघ." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "फादर, आपल्या चर्चच्या छपराला देणगी मिळाली, तेव्हा तुम्ही विचारलं होतं का, पैसा कुठून आला?"

मी विचारले नव्हते. देणगीदाराने गावातील बावखल बुजवून इमारत उभी केली होती, हे मला ठाऊक होते. पावसाळा जवळ आला होता, छप्पर गळत होते. मी धनादेश घेतला आणि वेदीवरून आभारही मानले. यहुदाने परत टाकलेली तीस नाणी याजकांनी मंदिराच्या खजिन्यात घेतली नव्हती, कारण तो रक्ताचा पैसा होता. पण त्यांच्याच खजिन्यातून तो निघाला होता, हे ते सोयीने विसरले. त्यांच्यावर मी कितीदा प्रवचन केले असेल! त्यांनी निदान विचारले तरी होते.

छप्पर आता गळत नाही. ते काढून टाका असे मी म्हणणार नाही. पण त्या बुजवलेल्या बावखलाच्या आजूबाजूची घरे दर पावसाळ्यात पाण्यात जातात, हेही आपण सारे जाणतो. पुढील महिन्याच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत मी दोन विषय ठेवणार आहे. एक, यापुढे मोठी देणगी स्वीकारताना काय विचारायचे. आणि दुसरा, त्या घरांसाठी आपण काय करणार.

त्या तरुणाने नोकरीचे काय ठरवले, ते मी लिहीत नाही. ती त्याची गोष्ट आहे.

आपला,
धर्मगुरू