माफ करण्याचा अधिकार कुणाचा?

ज्यू आणि ख्रिस्ती धर्मांत फरक काय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ख्रिस्ती लोक येशूला मसीहा मानतात, ज्यू मानत नाहीत. उत्तर बरोबर आहे, पण या दोन्ही धर्मांबाहेरच्या माझ्यासारख्या माणसाला त्यातून फारसं काही कळत नाही. मसीहा येऊन गेला की यायचाय, यानं माझ्या जगण्यात काय फरक पडतो? मला हा फरक नीट दिसला तो दुसऱ्याच एका प्रश्नावरून, आणि तो प्रश्न घरोघरचा आहे. कुणी कुणाचं वाईट केलं, तर त्याला माफ कोण करू शकतं?

१९६९ साली सायमन विझेन्थाल यांचं एक पुस्तक आलं. इंग्रजीत ते ‘द सनफ्लॉवर’ म्हणून ओळखलं जातं. विझेन्थाल ज्यू, शिक्षणानं वास्तुरचनाकार. दुसऱ्या महायुद्धात ते ल्विवच्या नाझी छावणीत कैदी होते. एकदा कैद्यांना कामासाठी एका लष्करी इस्पितळात नेलं असताना एका नर्सनं त्यांना गुपचूप एका खोलीत नेलं. आत नाझींच्या एसएस दलातला २१ वर्षांचा सैनिक पडला होता. डोळ्यांवर पट्ट्या, शेवटची घटका. त्यानं सांगितलं, की त्याच्या तुकडीनं ज्यू कुटुंबांना एका घरात कोंडून ते घर पेटवलं, आणि खिडकीतून उड्या टाकणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. मरण्याआधी त्याला एका ज्यू माणसाकडून माफी हवी होती. तो कुठलाही ज्यू चालणार होता. विझेन्थाल एक शब्दही न बोलता निघून गेले. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं, असं ते पुस्तकात वाचकांना विचारतात.

अनेक विचारवंतांनी दिलेली उत्तरं त्या पुस्तकातच छापली आहेत. ती अगदी धर्मानुसार विभागलेली नाहीत, पण कल दिसतो. कॅथलिक धर्मगुरू थिओडोर हेस्बर्ग क्षमेच्या बाजूनं उभे राहतात. ज्यू विचारवंत अब्राहम हेशेल मात्र उत्तर म्हणून एक गोष्ट सांगतात. ब्रिस्क गावचे थोर रब्बी रेल्वेनं घरी चालले होते. डब्यातले व्यापारी पत्ते खेळत होते. हा म्हातारा खेळात येत नाही म्हणून चिडून एकानं त्यांना डब्याबाहेर काढलं. गाव आल्यावर त्याला कळलं की आपण कुणाचा अपमान केला. तो पुन्हा पुन्हा माफी मागायला आला, आणि रब्बी नाही म्हणत राहिले. एवढा थोर माणूस इतका कठोर कसा? रब्बींचं म्हणणं असं होतं: मी कोण हे त्याला तेव्हा माहीतच नव्हतं. त्यानं अपमान केला तो एका साध्या माणसाचा. माफी त्या माणसाकडे मागावी.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बऱ्याच टीममध्ये एक साधा नियम असतो: तिकीट ज्यानं उघडलं, त्यानंच ते बंद करायचं. दुसऱ्या कुणी ‘झालं’ म्हणून चालत नाही. हेशेल जवळपास हेच सांगतात. जळून मेलेल्यांच्या वतीनं विझेन्थाल माफी देऊ शकत नाहीत, कारण ती त्यांच्या मालकीची नाही.

हे त्यांचं एकट्याचं मत नाही. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये हा नियम आहे. योम किप्पूर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. देवाविरुद्धच्या पापांचं प्रायश्चित्त त्या दिवशी होतं, पण माणसाविरुद्धच्या पापांचं होत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. बाराव्या शतकातल्या मायमॉनिडीझनं तर रीतसर पद्धत लिहून ठेवली: तो माणूस ऐकत नसेल, तर तीन मित्रांना घेऊन जा, तीनदा जा. तो मेला असेल, तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जा आणि केलेलं कबूल कर. आपल्या कोकणातले बेने इस्रायल योम किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणत, म्हणजे दारं लावून घेण्याचा दिवस. ती दारं लागण्याआधी दुसऱ्या कुणाचं तरी दार वाजवावं लागतं.

ख्रिस्ती विचार सुरू होतो वेगळ्या जागेवरून. माणूस जन्मतःच पापाच्या ओझ्याखाली आहे आणि ते देणं त्याला स्वतःच्या बळावर फेडता येणार नाही, अशी ख्रिस्ती परंपरेतली मुख्य धारणा आहे. ते देणं देवानं क्रुसावर स्वतः चुकतं केलं. ज्यू धर्म आदिपाप या अर्थानं मानत नाही. माणसात चांगली आणि वाईट अशा दोन्ही ओढी आहेत, आणि तो परत फिरू शकतो. पश्चात्तापासाठीचा त्यांचा शब्द ‘तशुवा’, त्याचा अर्थच परतणं. म्हणून ज्यू धर्मात माणसानं आधी उठून चालायला लागायचं असतं. ख्रिस्ती धर्मात क्षमा आधीच देऊन झालेली असते, आणि जो स्वतः माफ झालाय त्यानं दुसऱ्याचा हिशेब धरून बसणं शोभत नाही. येशूच्या दाखल्यात राजा एका चाकराचं प्रचंड कर्ज माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर पडल्या पडल्या किरकोळ रकमेसाठी सोबत्याचा गळा धरतो.

तरी ही दोन घरं एकाच वाड्यातली आहेत. येशू स्वतः ज्यू होता. देवाला अर्पण वाहताना भावाचं मन दुखावल्याचं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं तो शिकवतो. हा योम किप्पूरचाच नियम झाला. उलट, खऱ्या पश्चात्तापानंतरही जो माफ करत नाही, त्याला मायमॉनिडीझ निर्दय म्हणतो. आणि ख्रिस्ती धर्मगुरू डीट्रिश बॉनहॉफर यांनी १९३७ सालीच, पश्चात्तापाशिवाय वाटली जाणारी क्षमा म्हणजे स्वस्तातली कृपा, असं बजावलं होतं. पुढे नाझींनी त्यांना फाशी दिली.

मग खरं कोण? मला ग्लॅडिस स्टेन्स आठवतात. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन लहान मुलांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारलं गेलं. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. क्षमा आणि गुन्ह्याची शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असंही सांगितलं, आणि पुढेही काही वर्षं इथे राहून कुष्ठरुग्णांचं काम केलं. हेशेलचा नियम लावला, तर त्यांनी स्वतःवरचा घाव माफ केला, मुलांवरचा नाही. तो करणं कुणाच्याच हातात नव्हतं. पण मारेकऱ्यांच्या पश्चात्तापाची वाट बघत त्या थांबल्या असत्या, तर त्यांच्या उरलेल्या आयुष्याची किल्ली त्याच माणसांच्या खिशात राहिली असती. ज्यू नियमापेक्षा ख्रिस्ती क्षमा मला इथे मोठी वाटते.

आणि तीच क्षमा मला भयानक वाटते, जेव्हा ती कुणी दुसराच मागतो. नात्यातल्या माणसानं मुलीशी गैरवर्तन केलेलं असतं, आणि चार मोठी माणसं तिला सांगतात, “जाऊ दे ना, मोठं मन कर.” दंगलीत घर जळालेल्याला लांबच्या शहरातला कुणीतरी फोनवरून सुनावतो, की झालं गेलं विसरा, देश पुढे जायला हवा. ज्यांचं काहीच गेलेलं नाही, ती माणसं दुसऱ्याच्या खात्यातून माफी वाटत सुटतात. अशा वेळी ब्रिस्कच्या रब्बींसारखं कुणीतरी हवं असतं, जे म्हणेल, की माझ्याकडे कशाला येतोस, तिच्याकडे जा.

मी यातून माझ्यापुरतं एवढं घेतलंय. घाव माझा असेल, तर कुणी मागितली नाही तरी माफ करायची मुभा मला आहे, आणि न करायचीही. घाव दुसऱ्याचा असेल, तर ‘जाऊ दे’ हा शब्द माझ्या तोंडून जाता कामा नये. तिथे माझं काम फार तर मायमॉनिडीझच्या त्या तीन मित्रांपैकी एकाचं: ज्यानं घाव घातला, त्याच्यासोबत त्या दारापर्यंत चालत जायचं, आणि दार उघडलं नाही तर ते मुकाट ऐकून घ्यायचं.