सात घरांचं एक अंगण

पालघर-बोईसर पट्ट्यात राहणाऱ्याला तळं शोधत फिरावं लागत नाही. देवळामागे, रुळांच्या पलीकडे, गावाच्या कडेला कुठेतरी ते असतंच. पाळी सुटली की घरी जायच्या आधी तिथे थोडा वेळ बसा. चपला काढा, पाय गवतावर ठेवा. कारखान्याची घरघर अजून कानात असेल, ती आपोआप विरेल. समोरच्या काठावर एखादी ढोकरी उभी असेल. तिचा रंग चिखलाचाच, म्हणून उडेपर्यंत ती दिसत नाही. ती दिसेपर्यंत बघत राहा.

आता मनात एक घर आणा. तुम्हाला आठवतं ते सगळ्यात जुनं घर.

माझ्या मनात येतं ते शेजारच्या पाड्यावरचं कुडाचं घर. कारवीच्या काठ्या एकीला एक लावून बांधलेल्या, वरून शेणामातीचा लेप. पावसाळ्यात खालचा लेप सुटतो आणि आतल्या काठ्या दिसू लागतात. दिवाळीच्या सुमारास घरातली बाई पुन्हा लिंपायला घेते. ओल्या लेपावर तिच्या बोटांचे अर्धगोल वळसे उमटतात आणि वाळल्यावरही तसेच राहतात. मनातल्या मनात त्या वळशांवरून बोट फिरवा. सावकाश. हे घर बांधून संपलेलं नाही. ते दरवर्षी थोडं थोडं बांधलं जातं. समोर खळं आहे. भात झोडायची ती जागा, आणि एरवी सगळ्यांचीच.

ते खळं मनात तसंच राहू द्या. डहाणू-पनवेल मेमूत बसून आपण बेलापूरला जाऊ. पनवेलला गाडी बदलायची. पारसिकच्या डोंगरापाशी सिडकोची एक वसाहत आहे, आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ती आखली, 1983 ते 1986 या काळात ती उभी राहिली. नवी मुंबईची कल्पना त्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत साठच्या दशकातच मांडली होती. इथे त्यांना एक गोष्ट करून पाहायची होती: सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबं राहतील, दाटी शहराची असेल, तरी प्रत्येकाच्या पायाखाली जमीन आणि डोक्यावर आकाश असेल. उंच इमारत एकही नाही.

आत शिरा. घाई करू नका. पहिल्याच अंगणात थांबा. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. डझनभर पावलांत पार होतं. भोवती सात घरं. एकेका दाराकडे वळून बघा. अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरं, आणि त्यांच्यामध्ये बारा मीटरांचं मोठं अंगण. तसे तीन समूह पुन्हा त्याहून मोठ्या मोकळ्या जागेभोवती. मधून पावसाळी ओहोळ जातो. लहान मूल दारातून निघालं तर आधी सातांच्या अंगणात, मग एकविसांच्या, मग वस्तीच्या. पाड्यावरचं मूल असंच मोठं होतं.

आता दोन घरांमधली फट बघा. सामाईक भिंत कुठेच नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. शेजाऱ्याची भिंत न हलवता ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं म्हणून. भूखंड साधारण 45 ते 75 चौरस मीटरांचे, म्हणजे कमी कमावणाऱ्याच्या आणि जास्त कमावणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या जमिनीत फार अंतर नाही. घरंही साधी, उतरत्या कौलांची, गावच्या गवंड्याला बांधता येतील अशी.

आणि लोकांनी ती खरंच वाढवली. पुष्कळ मूळ घरं आज नाहीत. त्यांच्या जागी स्लॅबची दोन-तीन मजली घरं आली, ग्रिल आली, चकचकीत फरशा आल्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला फार वाईट वाटलं. तुम्हालाही वाटेल. वाटू द्या. एखाद्या कट्ट्यावर बसा आणि ते वाईट वाटणं थोडा वेळ जवळ ठेवा. उरलेल्या कौलारू घरांपैकी काही तरी जपायलाच हवीत, असं मला मनापासून वाटतं.

जपलेल्या घरांवरून एक आठवतं. तिकडे लॉस एंजेलिसला, सिल्व्हर लेकच्या काठी, वास्तुरचनाकार रिचर्ड नॉयट्रा यांनी 1932 मध्ये स्वतःसाठी एक प्रयोगाचं घर बांधलं. 1963 मध्ये ते जळालं. नॉयट्रा बापलेकांनी ते पुन्हा उभं केलं, छपरावर उथळ पाणी ठेवलं, म्हणजे समोरचं तळं घरात आल्यासारखं वाटावं. आज लोक ते बघायला जातात. त्या घराचं राखलं जाणं मला आवडतं. पण बेलापूरच्या कट्ट्यावर बसल्यावर नजर घरांवरून खाली येते. वाळत घातलेली चादर, तुळस, आडव्या लावलेल्या दोन स्कूटर, त्यांच्या आडून खेळणारी पोरं. घरं बदलली, मधली जागा मात्र कुणी गिळली नाही. मला वाटतं, कोरियांनी खरं बांधलं ते हेच. भिंती त्यांनी लोकांवर सोडल्या होत्या.

परत या. पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला त्याच सिडकोने बांधलेलं जिल्हा मुख्यालय 2021 पासून सुरू आहे. जिल्हा 2014 चा, शहर अजून आकार घेतंय. बोईसरला एमआयडीसीच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या चाळी आठवा. दहा बाय दहाच्या खोल्या, आणि दोन दारांमध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी गल्ली. तिथली मुलं दारातून निघून आधी कुठे जातात?

उत्तर शोधू नका. प्रश्न पाण्याजवळ ठेवा आणि उठा.

घरी पोचलात की दारासमोरची जागा पावलांनी मोजा. चार असतील, सहा असतील. तिथे काय काय आहे ते बघा. पाण्याचं पिंप, शेजाऱ्याची सायकल, उलटी ठेवलेली बादली. आज काही हलवू नका. मधे उभं राहून सगळ्या दारांकडे एकदा वळून बघा.